काळं अस्वल जूनमध्येच वस्तीत का येतं?

न्यू जर्सीत जून लागला की मराठी माणसांच्या उपनगरांतही अधूनमधून काळं अस्वल दिसतं. राज्याच्या सर्व २१ काउंट्यांत त्याची नोंद आहे. जूनचा हा पाहुणा बहुधा दीड वर्षाचा तरुण नर असतो. आई पुन्हा माजावर आली, की पिल्लांना हुसकावते. ससेक्स आणि पसेइक या काउंट्यांच्या डोंगराळ भागात मोठे नर आधीच ठाण मांडून असतात, म्हणून हे पोर नवी जागा शोधत भटकतं. कुत्र्याला घरात घ्यावं, अस्वलाला वाट मोकळी ठेवावी. खायला काही मिळालं नाही तर ते बहुतेकदा पुढे निघून जातं.

मला जास्त काळजी वाटते ती शरद ऋतूची. हिवाळी झोपेआधी अस्वल दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकतं. मादीसाठी तर हा वंशाचाच प्रश्न असतो. उन्हाळ्यात समागम झाला, तरी गर्भ नोव्हेंबरच्या सुमारास गर्भाशयात रुजतो, आणि अंगावर पुरेशी चरबी नसेल तर रुजतच नाही. जानेवारीत पिल्लं होतात, तेव्हा ती काहीही न खाता-पिता त्यांना दूध पाजत असते. अशा भुकेला रात्री बाहेर ठेवलेला कचऱ्याचा डबा, पक्ष्यांसाठी टांगलेले सूर्यफुलाचे दाणे किंवा न धुतलेली ग्रिल म्हणजे आयतं घबाड. एकदा चटक लागली की अस्वल परत येतं, धीट होतं, आणि शेवटी बरेचदा जिवाला मुकतं. म्हणून कचरा गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवावा.

सप्टेंबर २०१४ मध्ये वेस्ट मिलफर्डच्या जंगलात पाच तरुणांना अस्वल दिसलं. त्यांनी फोटो काढले. अस्वल मागे येऊ लागल्यावर सगळे पळाले, पांगले. एकाचा जीव गेला. राज्यात नोंदलेला असा हा पहिलाच मृत्यू.

पळण्यात अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं आणि झाडावर सरसर चढतं. त्यामुळे एकत्र राहावं, हात उंचावून मोठ्यानं बोलावं आणि त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरावं. फुसकारणं, जबडा वाजवणं, जमिनीवर पंजा आपटणं ही ‘लांब राहा’ अशी ताकीद असते. मागच्या पायांवर उभं राहणं मात्र बहुधा वास घेण्यासाठी असतं.

मेळघाटातल्या अस्वलाचे आडाखे इथे लावू नयेत. ती जात वेगळी, वाघाच्या जंगलात घडलेली, दचकली की अंगावर येणारी. काळं अस्वल सहसा पळून झाडावर चढतं. पण त्यानं खरंच हल्ला केला तर मेल्याचं सोंग न घेता काठी, दगड, हाताला येईल त्यानं झुंजावं.