नळीत नेमकं कुठं आवळतंय?

रायफलची नळी साफ करताना गजाच्या टोकाची चिंधी एका ठरावीक जागी जड जाते आणि बोटभर पुढे सरकली की पुन्हा सैल होते. बरेच जण तिथे थोडं तेल सोडून गज दामटतात आणि विषय संपवतात. पण ती जागा खरोखरच अरुंद असेल, तर गोळ्या लक्ष्यावर विखुरण्याचं कारण तिथेच असू शकतं.

.२२ रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारी) रायफल घ्या. नळीच्या आत पिळदार खाचा असतात आणि त्यांच्या तळाशी मोजलेला व्यास साधारण ५.६५ मिलिमीटर भरतो. शिशाची गोळी त्याहून किंचित जाड, सुमारे ५.७ मिलिमीटर. म्हणूनच ती खाचांत दाबून बसते आणि मागचा वायू अडवते. आता मध्येच एखादी जागा ०.०२ मिलिमीटरने, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी, अरुंद निघाली, तर गोळी तिथे तेवढी चेपते. शिसं परत उसळत नाही. चेपलं ते चेपलं. मागच्या दाबाने ती थोडी फुगते खरी, पण तोंडाकडे जाताना दाबही उतरत असतो. पुढची नळी तिला ढिली पडते, तप्त वायू कडेने निसटतो, गोळीची कड खातो आणि नळीत शिशाचा थर बसवतो. खरं दुखणं अरुंद जागेचं नाही, तिच्यानंतरच्या रुंद जागेचं आहे. नेमबाजीच्या कित्येक नळ्या तोंडापाशी मुद्दाम किंचित आवळलेल्या असतात, त्या याचमुळे: तिथून सुटलेल्या गोळीला ढिलं पडायला पुढे नळीच नसते.

निदानाआधी दोन गोष्टी. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढायचा. मग नळी अगदी लख्ख करायची. साचलेलं शिसं किंवा काजळीचं कडं हाताला हुबेहूब अरुंद जागेसारखंच लागतं, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटत असाव्यात असा माझा संशय आहे.

पुढचं काम मऊ, शुद्ध शिशाच्या तुकड्याचं. खाचांच्या व्यासापेक्षा जरा जाड तुकडा तेल लावून नळीच्या तोंडात हलक्या हाताने ठोकायचा आणि पितळी गजाने सावकाश पुढे ढकलायचा. सुरुवातीला खाचा उमटताना जोर लागतो, मग चाल एकसारखी होते. जिथे ती अचानक जड होईल तिथे थांबून गजावर खूण करायची. यात एक गोम आहे. अरुंद जागेतून गेलेला तुकडा कायमचा बारीक झालेला असतो, त्यामुळे पुढच्या नळीबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजला तर कळतो तो फक्त सर्वांत अरुंद जागेचा व्यास. म्हणून नवा तुकडा घेऊन दुसऱ्या टोकाने पुन्हा तपासायचं. अलीकडच्या भागाचं माप हवं असेल, तर अडथळ्याच्या आधीच थांबून, समोरून दुसरा गज घालून तुकडा आला त्या वाटेने परत काढायचा. खाचा पाच असतील तर समोरासमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर फसतो; त्याला व्ही आकाराची बैठक असलेला लागतो. कारखान्यांत हेच काम एअर गेज करतं: बारीक भोकातून सुटणाऱ्या हवेला फट किती मिळते, यावरून ते मायक्रॉनच्या पातळीवर व्यास सांगतं.

आता गजावरची खूण नळीच्या बाहेरून जुळवून पाहा. तिथे बहुधा काहीतरी सापडतं: साइट (नेम धरायची खूण) बसवायची डव्हटेल, म्हणजे तळाशी रुंद होत जाणारी, खाच, जोराने ठसवलेली अक्षरं, आवळलेला पट्टा, किंवा नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या मागच्या सांगाड्यात, जिथे आटे धरते ती जागा. घट्ट ठोकलेली साइट काढून, पट्टा सैल करून पुन्हा शिसं घाला. अडथळा गेला, तर कानस साइटच्या तळाला लावायची, नळीला नाही. बटण पद्धतीने, म्हणजे कठीण ठोकळा नळीतून दाबून नेऊन, खाचा पाडलेल्या पोलादात ताण कोंडलेला असतो. मग बाहेरून नळी तासली की पातळ झालेला भाग आतून किंचित उघडतो आणि जाड राहिलेला तसाच आवळलेला राहतो. असा दोष काही सैल करून जात नाही.

अशा वेळी लॅपिंग, म्हणजे नळी आतून बारीक पुडीने घासणं. नळीतच गजाच्या टोकावर शिसं ओतून तिच्या अचूक आकाराचा घासायचा ठोकळा, म्हणजे लाग, बनवतात, त्याला तेलात कालवलेली सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड लावतात आणि मागेपुढे चालवतात. पूड मऊ शिशात रुतून बसते आणि कठीण पोलाद घासते. गजाची मूठ बेअरिंगवर फिरती हवी, नाहीतर लाग खाचांचा पीळ सोडतो. आधी अरुंद जागेवरच छोटे फेरे, हाताला चाल सारखी लागू लागली की पूर्ण लांबीचे. लाग तोंडाबाहेर पूर्ण जाऊ द्यायचा नाही, तिथली कड घंटेगत उघडली तर नेम कायमचा गेला. मध्ये मध्ये सगळी पूड धुऊन, नव्या शिशाने मोजत राहायचं, कारण घासलेलं पोलाद परत लावता येत नाही. हे काम अनुभवी कारागिराच्याच हातचं.

अपघर्षक लावलेल्या गोळ्या झाडून नळी घासायचीही एक पद्धत आहे. ती सोपी वाटते, पण चेंबरजवळचा (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाजवळचा) चांगला भागही झिजवते. मी तिच्या वाटेला जाणार नाही. आतून क्रोमचा मुलामा असलेल्या नळीला तर लॅपिंग करूच नये, मुलामा फाटतो. तिथे उपाय एकच, नळी बदलणं.