ताटाच्या पाठीवरचे वजन

अठराव्या शतकातील एखाद्या इंग्रज उमराव घराण्याचे चांदीचे ताट हाती आले, की नजर आधी जाते ती काठावर कोरलेल्या कुलचिन्हाकडे. ढाल, ढालीवरचा मुकुट, दोन्ही बाजूंची वेलबुट्टी. हे ताट आमचे आहे, असे ते चिन्ह मोठ्या डौलाने सांगत असते. पण ताट उलटे केले, की पाठीवर बारीक टोकाने ओरखडल्यासारखे दोन आकडे दिसतात. एक असतो ताटाचा संचातील क्रमांक आणि दुसरा त्याचे वजन. ताटाच्या मालकीचा माग काढताना या साध्या आकड्यांइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही, असे माझे मत आहे.

वजन कोरून ठेवण्याचे कारण सरळ होते. चांदीची भांडी म्हणजे घरात साठवलेले धनच. घडणावळ वेगळी, चांदीचा भाव ट्रॉय औंस या मौल्यवान धातूंच्या वजनमापावर ठरे आणि पैशाची नड आली की भांडी वितळवली जात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी स्वतःच्या राजवाड्यातील चांदीचे सामानसुद्धा टांकसाळीत धाडले. इंग्लंडमध्ये याच्या उलट अडचण झाली. नाण्यांची आणि भांड्यांची चांदी एकाच कसाची, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध असल्यामुळे लोक नाणी वितळवून भांडी घडवू लागले. त्याला आळा घालण्यासाठी १६९७ मध्ये भांड्यांचा कस ९५.८४ टक्क्यांवर नेण्यात आला. १७२० मध्ये जुना कस पुन्हा चालू झाला.

कस तपासून छाप मारण्याचे काम लंडनमध्ये गोल्डस्मिथ्स हॉल या वास्तूत चाले. हॉलमार्क हा शब्द तिथूनच आला. चालत्या सिंहाचा छाप १५४४ पासूनचा, तर वर्ष सांगणारे अक्षर १४७८ पासूनचे. शिवाय १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजा किंवा राणीच्या मस्तकाचा छाप उठवला जाई. म्हणजे ताट केव्हा तपासले गेले, हे छाप सांगतात. ते पुढे कोणाकोणाच्या घरी गेले, याचा मात्र त्यांना पत्ता नसतो.

ताट विकले गेले, वाटणीत दुसऱ्या शाखेकडे गेले किंवा मालकाला वरची पदवी मिळाली, की कुलचिन्ह बदलावे लागे. कारागीर जुने चिन्ह तासून काढी, तो भाग घासून गुळगुळीत करी आणि तिथेच नवे चिन्ह कोरी. डोळ्यांना काही कळत नाही, पण बोटांना कळते. काठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळूहळू फिरवला, की चिन्हाखालचा पत्रा इतर भागापेक्षा पातळ लागतो. कुठे तुकडा बसवून डाख दिलेला असेल, तर त्या जागेवर तोंडाची हलकी वाफ सोडावी. क्षणभर धरलेल्या दमटपणात एरवी न दिसणारी सांध्याची रेघ उमटते.

इथे पाठीवरचे वजन कामी येते. समजा, ताटावर १८ औंस १० पेनीवेट असा आकडा आहे. एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा आणि त्याचे २० पेनीवेट. म्हणजे ताट मुळात सुमारे ५७५ ग्रॅमचे होते. आज ते ५६० ग्रॅम भरले, तर १५ ग्रॅम चांदी कुठे गेली? काही पुसण्या-घासण्यात गेली असणार. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, तो आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळा दिसतो, आणि तो घासून काढताना दर वेळी थोडी चांदीही जाते. पण अशी झीज सगळ्या संचाची साधारण सारखी होते. त्यामुळे बारा ताटांपैकी एकाचीच घट फार जास्त असेल, तर त्याच्यावरचे चिन्ह खोडले गेले असावे किंवा काठ नव्या धाटणीने कापला गेला असावा, असा संशय घेता येतो. आणि वजन वाढलेले आढळले, तर नंतर काही जोडले गेले आहे का, हे पाहावे लागते.

ताटाला धक्का न लावता आतले हीण ओळखायचे, तर क्ष-किरणांचा उपयोग होतो. क्ष-किरण पडले, की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडते. त्यावरून तांबे, शिसे आणि सोने किती आहे हे मोजता येते. जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या चांदीत सोन्याचा आणि शिशाचा अंश राहून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेने शुद्धीकरण सुरू झाल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून १७४० चा छाप असलेल्या ताटात हे अंश अजिबात सापडले नाहीत, तर छापाविषयीच शंका घ्यावी. मात्र किरण पृष्ठभागालगतचेच वाचतात, आणि घडवताना आम्लात उकळल्यामुळे तिथले तांबे निघून गेलेले असते. त्यामुळे चांदी आहे त्याहून शुद्ध भासते. अशा वेळी एकाच मोजणीवर विसंबणे धोक्याचे.

मोठे संच फार काळ एकत्र राहत नाहीत. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने १७७० मध्ये पॅरिसच्या रोएतिए या चांदी-कारागिरांकडे तीन हजारांच्या आसपास नगांचा संच घडवायला दिला आणि तो आपला प्रियकर ग्रिगोरी ऑर्लोव्ह याला भेट दिला. १७८३ मध्ये त्याच्या निधनानंतर तिनेच तो परत घेतला. पुढे क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने त्यातले बरेच नग परदेशी विकले, आणि आज ते अनेक संग्रहांत विखुरलेले आहेत. अशा पांगलेल्या ताटांची पुन्हा सांगड घालताना पाठीवरचे क्रमांक मोलाचे ठरतात. एकाच कुलचिन्हाची आणि एकाच क्रमांकाची दोन ताटे पुढे आली, तर घराण्याकडे दोन संच होते, की हरवलेल्या ताटाच्या जागी नंतर नवे घडवून तोच आकडा टाकला होता, हा प्रश्न उभा राहतो. आणि तो सोडवायला दोन्ही ताटे तराजूत ठेवून त्यांच्या छापातील वर्षाची अक्षरे शेजारी शेजारी वाचावी लागतात.