ब्रिजमधील निर्णय : बोली आणि खेळी

काँट्रॅक्ट ब्रिज हा समोरासमोर बसलेल्या भिडूंच्या दोन जोड्यांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ. ५२ पाने वाटली की प्रत्येकाकडे १३ पाने येतात आणि डावात एकूण १३ हात होतात. उतरलेल्या रंगाचे पान असेल तर तेच टाकायचे, नसेल तर हुकमाने मारता येते, हे मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळलेल्या कोणालाही ठाऊक असते. ब्रिजचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. हुकूम कोणता आणि हात किती करायचे, हे आधी बोली लावून ठरते. आणि पहिली उतारी झाली की बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची, म्हणजे डमीची, सगळी पाने टेबलावर उघडी मांडली जातात. ती खेळवतो बोली जिंकणारा, म्हणजे डिक्लेअरर. डमी मांडला गेला की खेळणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची १३ आणि डमीची १३ अशी २६ पाने दिसतात. उरलेली २६ झाकलेली राहतात. ब्रिजमधला खेळीचा प्रत्येक निर्णय या झाकलेल्या पानांविषयीचा असतो.

व्हिस्ट या पत्त्यांच्या जुन्या खेळातून ऑक्शन ब्रिज आणि त्यातून काँट्रॅक्ट ब्रिज आला. ऑक्शन ब्रिजमध्ये बोलीपेक्षा जास्त केलेले हातही ‘गेम’साठी, म्हणजे मोठे बक्षीस देणाऱ्या ठराविक गुणसंख्येसाठी, धरले जात, त्यामुळे कमी बोलून जास्त करण्यात शहाणपण होते. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी ‘फिनलंड’ या जहाजावरच्या प्रवासात नवी गुणपद्धती आजमावली. तिच्यात जेवढे बोलले तेवढेच गेमसाठी मोजायचे, आणि गेम व स्लॅम (बारा किंवा तेरा हात) बोलून केल्यास भरघोस बक्षीस. या एका बदलाने बोलीला खेळाच्या बरोबरीचे वजन आले.

बोली एकपासून सातपर्यंत असते. पहिले सहा हात गृहीत धरलेले, म्हणून ‘एक’ म्हणजे सात हात. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प (हुकमाविना) असा चढता क्रम. अशा एकूण ३५ बोली होतात आणि सोबत पास, डबल (विरोधकांची बोली पुरी होणार नाही असे म्हणून गुण-दंड वाढवणे) व त्याला उत्तर म्हणून रिडबल. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या १३ पानांचे प्रकार मात्र ६,३५,०१,३५,५९,६०० आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगायचे असल्यामुळे प्रत्येक बोलीवर अर्थ लादावा लागतो, आणि तो दोन्ही भिडूंनी आधी ठरवलेला असावा लागतो. भिडूने एक नो ट्रम्प म्हटल्यावर दोन किलवर ही बोली बहुतेक टेबलांवर किलवरविषयी काहीच सांगत नाही. ‘तुझ्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पाने आहेत का?’ असा तो प्रश्न असतो. यालाच स्टेमन म्हणतात.

ताकद मोजण्याची रूढ रीत मिल्टन वर्क यांच्या नावाशी जोडलेली आहे आणि चार्ल्स गोरेन यांनी ती घराघरांत पोचवली : एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. सगळे मिळून ४०. दोन्ही भिडूंचे मिळून २५-२६ गुण झाले तर गेम, ३३ ला सहाची बोली म्हणजे स्मॉल स्लॅम, ३७ ला सातची म्हणजे ग्रँड स्लॅम, असा अंदाज धरतात. हा अंदाजच आहे. राणी आणि गुलाम एखाद्या दुपानी रंगात एकटे अडकले असतील तर त्यांचे तीन गुण कागदावरच राहतात. उलट हुकमाची नऊ पाने दोघांत जमली आणि विरोधकांच्या रंगात एकच पान असेल, तर २१ गुणांतही गेम होतो. नवशिके गुण मोजून थांबतात. खरी पारख त्यानंतर सुरू होते, कारण भिडूच्या प्रत्येक बोलीनंतर आपल्या त्याच तेरा पानांची किंमत बदलत असते.

किती पुढे जायचे, याचे उत्तर गुणपद्धतीत दडलेले असते. संघस्पर्धेत एकच डाव दोन टेबलांवर खेळतात आणि दोन निकालांतला फरक आयएमपी या एककात बदलतात. समजा आपली जोडी व्हल्नरेबल आहे, म्हणजे त्या डावात बक्षीस आणि दंड दोन्ही चढे आहेत. आपण तीन नो ट्रम्प बोललो, दुसऱ्या टेबलावर दोनवरच थांबले. नऊ हात झाले तर ६०० विरुद्ध १५०, म्हणजे १० आयएमपींचा फायदा. आठच झाले तर आपले १०० जातात आणि त्यांना १२० मिळतात : ६ आयएमपींचे नुकसान. हिशेब साधा आहे. सोळात सहा, म्हणजे ३७.५ टक्के शक्यता असली तरी गेम बोलणे योग्य. नॉन-व्हल्नरेबल असताना हाच आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणूनच अनुभवी जोड्या व्हल्नरेबल असताना संघस्पर्धेत निम्म्याहून कमी शक्यतेचे गेमही बोलतात, आणि ते बुडाले तरी भिडू एकमेकांना बोल लावत नाहीत.

बुडण्यासाठी मुद्दाम बोलणे हाही एक निर्णय आहे. विरोधक व्हल्नरेबल असून त्यांचे चार बदाम होणार असतील तर त्यांना ६२० मिळतात. आपण नॉन-व्हल्नरेबल असताना चार इस्पिक बोलून, डबल होऊन तीन हातांनी बुडालो तर ५०० जातात. म्हणजे सौदा फायद्याचा. चार हातांनी बुडालो तर ८००, म्हणजे तोट्याचा. एका हाताचा अंदाज चुकला की सगळे उलटते.

उतारीनंतर डिक्लेअररने पान टाकण्याआधी थांबावे, नक्की हात मोजावेत, कमी किती पडतात ते पाहावे. हा सल्ला इतका जुना आहे की तो ऐकून न ऐकल्यासारखा होतो. पण बहुतेक बुडालेले काँट्रॅक्ट पहिल्या हातातच बुडालेले असतात. खेळाडूंना बसण्याच्या दिशेवरून ओळखतात. समजा, नो ट्रम्पमध्ये पश्चिमेने लांब रंगातून इस्पिक उतरले आहे. डिक्लेअररकडे एक्का आणि दोन लहान पाने, डमीत दोन लहान. विरोधकांकडे आठ इस्पिक आहेत, आणि ती बहुधा पश्चिमेकडे पाच, पूर्वेकडे तीन अशी असणार. एक्का लगेच घेण्याचा मोह टाळून दोन हात सोडले आणि तिसऱ्याला घेतला, तर पूर्वेकडचे इस्पिक संपते. मग पुढे एखादा हात पूर्वेला द्यावा लागला तरी त्याच्याकडे उतरायला इस्पिक नसते.

शक्यता जोडून घेणे ही डिक्लेअररची मुख्य कला. एका रंगात विरोधकांची सहा पाने ३-३ पडण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. दुसऱ्या रंगातला फिनेस, म्हणजे राजा सोयीच्या बाजूला आहे असे धरून राणी चालवणे, ५० टक्के. नुसता फिनेस घेणारा निम्म्या वेळा बुडतो. हात न गमावता आधी पहिला रंग तपासता आला, आणि तो ३-३ पडला नाही तरच फिनेस घेतला, तर शक्यता ६८ टक्क्यांपर्यंत जाते.

याहून सूक्ष्म आहे ते ‘मर्यादित निवडी’चे तत्त्व. उत्तरेला डमीत राजा, दश्शी, अठ्ठी, सत्ती, तिर्री. दक्षिणेला डिक्लेअररकडे एक्का, छक्की, पंजी, दुर्री. बाहेर राणी, गुलाम, नव्वी, चव्वी. एक्का खेळला, पश्चिमेने चव्वी टाकली, पूर्वेकडून राणी पडली. पुन्हा डमीकडे खेळताना पश्चिमेने नव्वी टाकली. आता राजा घ्यावा की दश्शी घालावी? पूर्वेकडे एकटी राणी होती किंवा राणी-गुलाम दोन्ही, आणि वरवर पाहता दोन्ही शक्यता जवळपास सारख्या. पण दोन्ही असती तर पूर्वेने निम्म्या वेळा राणीऐवजी गुलाम टाकला असता. एकटी राणी असताना त्याला निवडच नव्हती. म्हणून राणी पडणे हीच साक्ष आहे, आणि दश्शी घालणे राजापेक्षा जवळजवळ दुपटीने बरोबर ठरते. चांगले गणित जाणणाऱ्यांनाही हे पहिल्यांदा पटत नाही.

टक्केवारीपेक्षा वरचढ ठरते ती ऐकलेली बोली, आणि कधी न ऐकलेलीही. वाटणारा पश्चिम होता आणि त्याने आरंभीच पास म्हटले. खेळता खेळता त्याच्याकडून इस्पिकचा एक्का-राजा आणि बदामाची राणी व गुलाम निघाले : दहा गुण. किलवरचा राजाही त्याच्याकडे असता तर तेरा गुण झाले असते आणि त्याने बोली उघडली असती. राजा पूर्वेकडे आहे, फिनेस त्याच बाजूने घ्यायचा. अर्ध्या-अर्ध्या शक्यतेचा प्रश्न एका ‘पास’ने जवळजवळ सुटला.

बचाव करणे त्याहून अवघड, कारण डिक्लेअरर आपल्या बाजूची सगळी पाने पाहत असतो, बचाव करणाऱ्याला भिडूची दिसत नाहीत. तिथे संकेत उपयोगी पडतात. लांब रंगातले वरून चौथे पान उतरायचा प्रघात आहे, आणि त्यातून अकराचा नियम निघतो : उतरलेले पान ११ मधून वजा केले की उरलेल्या तिघांकडे त्याहून मोठी किती पाने आहेत ते कळते. भिडूने सत्ती उतरली, डमीत राणी-नव्वी, आपल्याकडे राजा-दश्शी. चार पाने इथेच संपली. डमीने लहान टाकले तर भिडूची सत्तीच हात जिंकणार. राजा खर्चण्याचे कारण नाही.

हे सगळे बोली आणि पान यांतूनच सांगायचे. भिडू रेंगाळला, आवाज बदलला, पान जोरात टाकले, यावरून काही ताडून निर्णय घेणे नियमबाह्य आहे. म्हणून स्पर्धांत बोली उच्चारत नाहीत, छापील कार्ड ठेवतात. मोठ्या स्पर्धांत भिडूंमध्ये पडदा असतो. ठरवलेल्या संकेतांचा अर्थ विरोधकांनी विचारला तर सांगावाच लागतो. गुप्त भाषा असलेला ब्रिज हा ब्रिज नव्हे, या बाबतीत खेळाडू कडक असतात आणि तसेच असायला हवे.

पाने चांगली आली म्हणून जिंकलो, ही सबब ड्युप्लिकेट पद्धतीने काढून घेतली. वाटलेली पाने खोबणीच्या बोर्डात घालून टेबलोटेबली फिरतात आणि त्याच पानांवर इतरांनी काय केले याच्याशी तुलना होते. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिज प्रथमच आला, तेव्हा प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. बर्धन साठ वर्षांचे होते. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या पुरुष संघाने रौप्य मिळवले, त्यात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते.

बुद्धिबळात संगणकाने १९९७ मध्येच जगज्जेत्याला हरवले. ब्रिजमध्ये २०२२ साली पॅरिसमध्ये ‘नूक’ या प्रणालीने आठ जगज्जेत्यांपेक्षा सरस खेळ केला, पण तो फक्त डिक्लेअररच्या खेळीत. काँट्रॅक्ट आधीच ठरवून दिलेले होते आणि बोलीचा भाग वगळला होता.