पार्श्वभूमी : न्हावाशेवा आणि थेट डिलिव्हरीचा वाद

कंटेनर जहाजातून उतरल्यावर बंदराबाहेर पडायला किती तास लागतात, हा प्रश्न पूर्वी फक्त क्लिअरिंग एजंट आणि आयातदारांच्या बोलण्यात असायचा. २०१६ नंतर तो थेट दिल्लीच्या सादरीकरणांमध्ये जाऊन बसला आणि प्रयोगाची मुख्य जागा ठरली उरणजवळचे न्हावाशेवा. तिथे आयातीच्या मालासाठी जे ‘डीपीडी’ म्हणजे मधल्या यार्डात न नेता थेट बंदरातून डिलिव्हरीचे धोरण रेटण्यात आले, त्यावरचा वाद पुरता मिटलेला नाही.

आधीचा इतिहास थोडक्यात. देशात पहिले कंटेनर जहाज १९७३ मध्ये कोचीनला लागले. पहिले कोरडे बंदर, म्हणजे समुद्रापासून दूरचा कंटेनर डेपो, १९८१ मध्ये बंगळूरला झाले. मुंबईचे जुने बंदर शहराच्या पोटात अडकलेले होते, म्हणून खाडीपलीकडे न्हावाशेव्याला नवे बंदर उभे राहिले आणि मे १९८९ मध्ये ते सुरू झाले. त्यासाठी, आणि त्याआधी नवी मुंबईसाठी, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन केले. दोन दिवसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे सूत्र त्या लढ्यातून आले. शेवा गावातल्या कोळ्यांना ज्या जागी वसवले, तिथल्या घरांना वाळवी लागली आणि ते गाऱ्हाणे पुढची कित्येक वर्षे सरकारदरबारी फिरत राहिले. हे इथे सांगायचे कारण पुढे येईल.

बंदराने जमीन घेतली, पण माल तपासायला आणि ठेवायला बंदराच्या आत पुरेशी जागा कधीच नव्हती. म्हणून आजूबाजूच्या गावांत, द्रोणागिरीपासून पनवेलच्या दिशेने, सीएफएस, म्हणजे कंटेनर ठेवण्याची आणि तपासण्याची बंदराबाहेरची यार्डे, उभे राहत गेले. १९९९ मध्ये पहिले खासगी टर्मिनल चालू झाल्यावर त्यांची संख्या भराभर वाढली. कंटेनर जहाजातून उतरायचा, ट्रेलरवर चढून सीएफएसच्या यार्डात जायचा, तिथे सील तोडून तपासणी व्हायची, ड्युटी भरली की ‘आऊट ऑफ चार्ज’ म्हणजे सीमाशुल्काची सोडपरवानगी मिळायची, मग शिपिंग लाइनची डीओ म्हणजे माल देण्याची चिठ्ठी, मग आयातदाराची गाडी. म्हणजे एकच कंटेनर दोनदा उचलायचा आणि दोनदा भाडे द्यायचे. आयातदाराला हे खटकायचे, आणि त्याचे चुकीचे नव्हते. पण याच साखळीत सर्व्हेअर, फोर्कलिफ्टवाले, माथाडी, ट्रेलरमालक, चहाच्या टपरीवाले अशी गावातली माणसे कामाला लागली. शेती गेली, भूखंड उशिरा आले, मधल्या काळात यार्डाने पोट भरले.

आता २०१६. त्या एप्रिलमध्ये भारताने व्यापार सुलभीकरणाच्या जागतिक करारावर मान्यतेची मोहोर उठवली. त्याच महिन्यात सीमाशुल्काची ‘एक खिडकी’, म्हणजे सगळ्या परवानग्या एकाच ठिकाणी, सुरू झाली. जुलैपासून न्हावाशेव्याला कंटेनरवर त्यांचा माग ठेवणारे आरएफआयडी टॅग लागू लागले आणि वर्षअखेरीस विश्वासार्ह ठरवलेल्या आयातदारांना ड्युटी नंतर भरण्याची मुभा मिळाली. डीपीडीची सोय कागदावर आधीपासून होती, पण मोजक्या बड्या आयातदारांसाठी. त्या वर्षाच्या शेवटी ती मोहीम म्हणून हाती घेतली गेली. याद्या निघाल्या, पात्रतेच्या अटी सैल केल्या गेल्या, ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांचीही नावे यादीत चढवली गेली. आयातीच्या कंटेनरमध्ये जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असलेला डीपीडीचा वाटा पुढच्या दीड-दोन वर्षांत चाळीसच्या घरात गेला.

अट एकच, पण कडक. कंटेनर ४८ तासांत उचलायचा, नाही तर तो सीएफएसला. शनिवारी दुपारी जहाज लागले असे समजा. कागदपत्रे एजंटाने आगाऊ भरलेली आहेत, तपासणी नाही, ड्युटी ऑनलाइन गेली. पण डीओ देणारे लाइनचे कार्यालय सोमवारी उघडणार, ट्रेलरवाला म्हणतो करळ फाट्यावर रांग आहे, आणि भिवंडीच्या गोडाऊनला रविवारी हमाल नाहीत. घड्याळ मात्र चालूच. मोटारींचे सुटे भाग मागवणाऱ्या कारखान्याला हे जमते. त्याच्याकडे स्वतःचे गोडाऊन असते, लाइनशी वर्षाचा करार असतो. महिन्याला दोन कंटेनर मागवणाऱ्या मशिदबंदरच्या व्यापाऱ्यासाठी सीएफएस हेच गोडाऊन होते. तिथे माल ठेवून तो गिऱ्हाईक शोधायचा, पैसे जमवायचा, मग ड्युटी भरायचा. एकाच कंटेनरमध्ये चार-पाच जणांचा माल असेल तर तो डीपीडीत बसतच नाही, तो कुठेतरी फोडावाच लागतो.

उदाहरणात मोटारींचे सुटे भाग आले ते सहज नव्हे. व्यवसायसुलभतेची जी जागतिक क्रमवारी तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती, तिच्यात आयातीचा वेळ मोजायला नेमका हाच माल धरलेला होता आणि भारतासाठी शहरे दोनच, मुंबई आणि दिल्ली. म्हणजे न्हावाशेव्याचे तास उतरले की देशाचा क्रमांक वर जाणार. तसेच झाले. सीमेपलीकडील व्यापाराच्या निकषात १४६ वा असलेला देश २०१८ च्या शरद ऋतूत ८० वर आला, नंतर ६८ वर. सुधारणा खोट्या होत्या असे मुळीच नाही, पण कुठल्या सुधारणेला घाई आणि कुठल्या सुधारणेला तारीख पे तारीख, हे या मोजपट्टीने ठरवले, असे म्हणायला जागा आहे. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या काही देशांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे उघड होऊन ती क्रमवारीच गुंडाळली गेली.

सीएफएसवाल्यांनी विरोध केला, त्यात धंदा जाण्याची भीती होती हे उघडच आहे. पण त्यांच्याबरोबर गावातले कामगारही होते. यार्डातले काम आटले तर आमची मुले कुठे जाणार, हा त्यांचा सवाल १९८४ च्या आठवणीवर उभा होता आणि त्याला उत्तर म्हणून बहुतेक वेळा फक्त तासांचा तक्ता पुढे आला. शिपिंग लाइन्सचा प्रश्न वेगळाच. सीएफएसकडून त्यांना जे मिळायचे ते बुडाले, तेव्हा काहींनी डीपीडीच्या कंटेनरवर जादा आकार लावला. सीमाशुल्क खात्याला त्यावर सूचना काढाव्या लागल्या. आयातदाराच्या खिशातून जाणारी रक्कम कमी झाली, पण जेवढी जाहीर झाली तेवढी प्रत्येकाची झाली नाही.

२०१७ साल तर सगळेच एकदम घेऊन आले. कायदा बदलून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची सीमाशुल्काकडची नोंद, उशिरा भरणाऱ्याला पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये दंड लागला. २७ जूनला जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्यात इथल्या एका टर्मिनलची संगणक यंत्रणा बसली, ट्रेलरच्या रांगा रस्त्यावर आल्या. त्यानंतर चार दिवसांनी जीएसटी आला आणि मुलुंड, दहिसर, वाशी, ऐरोलीचे मुंबईचे जकात नाके बंद झाले. या नाक्यांनी राज्याचा नकाशा कसा घडवला हे भिवंडीत दिसते. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर म्हणून तिथे ग्रामपंचायतींच्या जमिनीवर गोडाऊन उभी राहिली. जकात गेली, गोडाऊन गेली नाहीत, उलट वाढली. एप्रिल २०१८ पासून मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे ई-वे बिल आले.

नंतरचे टप्पे कागदावर अधिक नीटनेटके आहेत. २०२० मध्ये चेहराविरहित मूल्यनिर्धारण आले, म्हणजे न्हावाशेव्याचे बिल चेन्नईतला अधिकारी पाहू शकतो. २०२१ पासून जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरणे सक्तीचे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले, त्यात मालवाहतुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३-१४ टक्के असल्याचे गृहीत होते. वर्षभराने झालेल्या अभ्यासात २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. १३-१४ चा आकडा भाषणांतून मात्र लगेच गेला नाही. २०२३ च्या देशव्यापी मोजणीत बंदरांवरचा आयातीचा सरासरी वेळ ८५ तास ४२ मिनिटे आला, उद्दिष्ट ४८ तासांचे होते. उरलेल्या तासांत कागद उशिरा भरणे, ड्युटी उशिरा भरणे आणि माल सुटल्यावरही उचलायला न येणे यांचा वाटा मोठा आहे.

दिल्लीजवळच्या दादरीहून येणारा १,५०६ किलोमीटरचा मालवाहू रेल्वेमार्ग बंदरापर्यंत पोचवण्याचे वैतरणेपुढचे काम सर्वांत शेवटी राहिले. जून २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवणच्या ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरी मिळाली आणि ऑगस्टअखेर पायाभरणी झाली. त्याही दिवशी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध चालूच होता. न्हावाशेव्याच्या यार्डांपैकी काहींनी दरम्यान गोडाऊन आणि निर्यातीच्या भरणीकडे मोर्चा वळवला आहे. लहान आयातदारांचा माल आजही त्यांच्याकडेच उतरतो.