पार्श्वभूमी : दोन संक्रांती आणि डिसेंबरातले उत्तरायण

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे घरोघरी सांगितले जात असले तरी उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. हा समज टिकण्यात पुण्याच्या सूर्योदयाचाही वाटा असावा. डिसेंबरअखेरीस दिवस वाढू लागतो तो संध्याकाळच्या बाजूने. सकाळी सूर्य रोज थोडा उशिराच उगवत राहतो आणि वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय येथे जानेवारीच्या मध्यावर होतो.

वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होताना सूर्य जेथे असतो तो बिंदू, सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेली, संक्रांत तेवढ्याच काळात एक दिवस पुढे जाते. चौदा जानेवारी ही तारीख कायमची नाही; २०२४ साली संक्रांत पंधराला होती. पानिपताचा दिवस, १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा होता असे आजही ऐकू येते, पण त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती.

उत्तरायण आणि संक्रांत पूर्वी कधी एकाच दिवशी येत होते, हे राशिचक्राचा आरंभ कोठे मानला यावर ठरते, आणि पुण्यातला वाद नेमका याच मुद्द्यावर झाला. १८६५ पासून येथील एका गणितज्ञाने जहाजांसाठी काढल्या जाणाऱ्या नाविक पंचांगातील अचूक आकड्यांवर नवे पंचांग सुरू केले आणि आरंभासाठी रेवती नक्षत्रातील एक तारा धरला. हा तारा जेमतेम पाचव्या प्रतीचा, म्हणजे अगदी मंद आहे; शहराच्या उजेडात तो आज नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. विरोधी पक्षाने पहिल्या प्रतीची चित्रा घेतली, जी मे महिन्यात रात्री कोणत्याही गच्चीवरून ओळखता येते, आणि तिच्या समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू आरंभ मानला. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. रेवतीपक्षाकडे ग्रंथाधार होता, हे मान्य करावे लागते. परंतु लोकांची संक्रांत तेव्हा १२ जानेवारीच्या सुमारास येत होती आणि नव्या गणिताने ती एकदम चार दिवस अलीकडे ओढली गेली, ही गोष्ट जुन्या पंचांगावर चालणाऱ्यांच्या गळी उतरणे कठीणच होते. १९०४ ते १९२० या काळात मुंबई, पुणे आणि सांगली येथे संमेलने भरली, तरी एकमत झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिकेचे महिने सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी वसंतसंपाताला धरून, ठेवले. २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली आणि तिचा पौष २२ डिसेंबरला, म्हणजे खऱ्या उत्तरायणाबरोबर, सुरू होतो. सणांसाठी मात्र चित्रापक्षाला धरून २१ मार्च १९५६ या दिवसासाठी २३ अंश १५ कला इतका अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि राशिचक्राचा आरंभ यांतले अंतर, ठरवला गेला. शास्त्र एका हाताने स्वीकारून दुसऱ्या हाताने बाजूला ठेवण्याचाच हा प्रकार होता.

रेवतीपक्षाचे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अजूनही दहा जानेवारीच्या सुमारास तिळगूळ वाटला जातो, तर शेजारच्या घरी चौदा-पंधराला. अधिक मास दोन्हीकडे वेगळा आला, तर अशा घरी गणपतीही महिनाभर आधी बसतात.