परदेशी मजुराचा वाली कोण? शंभर वर्षांच्या करारांची पार्श्वभूमी

माणूस एका देशाचा नागरिक असतो आणि घाम गाळतो दुसऱ्या देशात. त्याची मजुरी बुडाली, हात यंत्रात सापडला किंवा मालकाने पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला, तर त्याने दाद कुठे मागायची? राबतो तिथे त्याला मत नाही. मत आहे तिथल्या कायद्याचा हात मालकापर्यंत पोचत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये असे कामगार १६.९ कोटी होते. हा पेच नवा नाही, आणि तो सोडवण्याचे प्रयत्नही नवे नाहीत.

गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातल्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला गिरमिटिये जाऊ लागले. गिरमिट म्हणजे ‘अ‍ॅग्रिमेंट’, म्हणजेच करार. कागदावर संरक्षण होते: ठरावीक मुदत, जहाजांचे नियम, देखरेखीला ‘प्रोटेक्टर’ नावाचा अधिकारी. पण मजुराने करार मोडला तर त्याला तुरुंग होता. संरक्षण आणि जाच एकाच कागदावर नांदू शकतात, हे तेव्हापासून दिसत आले आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला आणि १९११ पासून तिथली भरती बंद झाली. गिरमिटच मुळापासून बंद करा, हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. ती भरती थांबायला १९१७ उजाडले.

दोन सार्वभौम देशांनी बरोबरीने बसून कामगारांविषयी बोलणे, याची सुरुवात सहसा १९०४ च्या फ्रान्स-इटली करारापासून मानतात. इटालियन मजुराची बचत एका देशाच्या बचत बँकेतून दुसऱ्या देशाच्या बँकेत नेता यावी आणि अपघाताच्या भरपाईत त्याच्याशी दुजाभाव होऊ नये, अशी त्याची दिशा होती. बदल्यात इटलीने आपल्या कारखान्यांची तपासणी सुधारायची होती. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, तेव्हा परक्या देशात काम करणाऱ्यांच्या हिताचे रक्षण हे उद्दिष्ट तिच्या घटनेच्या प्रास्ताविकातच आले.

पण पाठवणाऱ्या देशाला आपला शब्द राखता येतो का, याची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली. अमेरिकेच्या शेतांवर माणसे उरली नाहीत, म्हणून १९४२ मध्ये मेक्सिकोशी ‘ब्रासेरो’ करार झाला. ब्रासेरो म्हणजे स्पॅनिशमध्ये हातांनी राबणारा मजूर. मेक्सिकोने त्यात जोर लावला: किमान मजुरी, राहण्याची सोय, परतीचे भाडे. टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांना मिळणारी वागणूक पाहून त्या राज्याला सुरुवातीची काही वर्षे मजूर द्यायलाच नकार दिला. ऑक्टोबर १९४८ मध्ये मजुरीवरून बोलणी अडली, तेव्हा एल पासो इथे अमेरिकी अधिकाऱ्यांनी सरळ सीमा उघडली आणि हजारो मजूर कराराविनाच आत घेतले. मेक्सिकोने करार रद्द केला, तरी कापूस वेचला गेलाच. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के बचत म्हणून कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवली जायची. ती अनेकांच्या हाती कधीच पडली नाही. म्हातारे झालेले ब्रासेरो विसाव्या शतकानंतरही त्या पैशांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. ज्या प्रश्नासाठी १९०४ चा करार झाला होता, नेमका त्याच ठिकाणी या माणसांना नाडले गेले.

युरोपातही तेच घडले. १९४६ च्या समझोत्यानुसार इटलीने बेल्जियमच्या खाणींसाठी मजूर द्यायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा, असे ठरले. माणसे आणि कोळसा एकाच कागदावर आले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीत आग लागली. २६२ जण मेले, त्यांतले १३६ इटालियन. इटलीने मजूर पाठवणे थांबवले. बेल्जियमने स्पेनशी, मग ग्रीसशी आणि १९६४ मध्ये मोरोक्को व तुर्कस्तानशी करार केले. मला हे सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके पान वाटते. एका देशाने नकार दिला की मालक शेजारचे दार ठोठावतो.

नियम लिहिले गेलेच नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १९४९ चे कन्व्हेन्शन (म्हणजे देशांनी मान्यता द्यायचा आंतरराष्ट्रीय करार) क्रमांक ९७ कायदेशीर आलेल्या कामगाराला स्थानिकाइतकीच वागणूक द्या म्हणते. त्याच वर्षीच्या शिफारशीला दोन देशांमधील कराराचा नमुनाही जोडलेला आहे. १९७५ च्या कन्व्हेन्शन १४३ ने कागदपत्रे नसलेल्यांच्याही थकलेल्या मजुरीचा हक्क मान्य केला. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे कन्व्हेन्शन १९९० मध्ये स्वीकारले गेले, पण लागू व्हायला २००३ उजाडले. कामगार बोलावणाऱ्या श्रीमंत पाश्चात्त्य देशांपैकी एकानेही त्याला मान्यता दिलेली नाही.

फिलिपाइन्सने वेगळी वाट शोधली. १९९५ मध्ये सिंगापूरमध्ये एका फिलिपिनो घरकामगार स्त्रीला फाशी झाली, देशात संताप उसळला आणि त्याच वर्षी कायदा आला. त्यानुसार परदेशातल्या मालकाने पैसे बुडवले तर भरती करणारी मायदेशातली एजन्सीही तितकीच जबाबदार. मालक हाती लागत नसेल, पण एजंटचे दुकान तर आपल्याच हद्दीत आहे! सीमेवर अडणारा कायदा एवढ्या साध्या युक्तीने अर्धा रस्ता पार करतो.

तरीही २०११ मध्ये मार्सिनेलनंतरचीच गोष्ट पुन्हा घडली. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्सने घरकामगारांसाठी कडक अटी घातल्या, तेव्हा सौदी अरेबियाने त्या दोन देशांतून घरकामगार घेणेच थांबवले आणि इतर देशांकडे मोर्चा वळवला. फिलिपाइन्सशी करार व्हायला २०१३ साल लागले.

म्हणून पाठवणाऱ्या देशांनी आपसात बोलणे महत्त्वाचे. आशियातल्या अशा देशांची ‘कोलंबो प्रक्रिया’ २००३ मध्ये सुरू झाली. २००८ पासून ‘अबू धाबी संवादा’त आखातातले देशही त्यांच्यासमोर बसू लागले. या बैठकांचे निर्णय बंधनकारक नसतात. २०१८ चा संयुक्त राष्ट्रांचा स्थलांतरविषयक जागतिक करारही तसाच. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या परवानगीची अट काढली आणि दरमहा १,००० रियाल किमान वेतन ठरवले. त्याच वर्षी साथीमुळे जगभरातून कामगार घाईघाईने मायदेशी पाठवले गेले. कित्येकांचे पगार थकलेले होते आणि तक्रार ऐकणारे न्यायालय त्याच देशात राहिले होते, जिथे परत जायला त्यांच्याकडे आता व्हिसा नव्हता.