दहा मिनिटांत सुरू होणारा आणि साठ टक्के कार्यक्षम असणारा गॅसचा संच एकच नसतो

सौरऊर्जेची चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच: संध्याकाळी सूर्य मावळला की गॅसचे संच लावायचे, ते दहा मिनिटांत सुरू होतात आणि कार्यक्षमताही साठ टक्के असते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन वेगळ्या संचांच्या. पहिली ओपन सायकलची, दुसरी कंबाइंड सायकलची. त्या एकाच यंत्राला चिकटवल्या की पुढचं सगळं गणित चुकतं.

इंधन दोन्हीकडे पाइपातून येणारा नैसर्गिक वायू, आणि पहिलं यंत्रही तेच. कॉम्प्रेसर हवा दाबतो, त्यात गॅस जळतो, टर्बाइन फिरतं. ओपन सायकलमध्ये साडेपाचशे-सहाशे अंशांचे तप्त वायू थेट चिमणीतून बाहेर जातात. कंबाइंड सायकलमध्ये तेच बॉयलरमधून नेतात, वाफ करतात आणि तिच्यावर दुसरं टर्बाइन चालवतात, बहुतेकदा जादा गॅस न जाळता. उरणला गॅसचे 108 मेगावॅटचे चार संच आहेत आणि त्यांच्या उष्णतेवर चालणारे 120 मेगावॅटचे दोन. एकूण 672, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वीज त्याच गॅसमधून मिळते.

खरा फरक सुरू होण्याच्या वेळेत आहे. गॅस टर्बाइन दहा ते तीस मिनिटांत भार घेतं. वाफेच्या बाजूला तशी घाई चालत नाही. बॉयलरचा ड्रम जाड पोलादाचा असतो. तो झपाट्याने तापवला तर आतला पृष्ठभाग फुगू पाहतो आणि बाहेरचा थंडच राहतो. असं वारंवार झालं की पाइप जिथे ड्रमला जोडलेले असतात तिथल्या वेल्डिंगला तडे जातात. वाफेच्या टर्बाइनचा रोटर (फिरणारा भाग) आणि त्याचं कवच एका वेगाने प्रसरण पावत नाहीत. मधली फट अगदी बारीक, त्यामुळे घाई केली की पाती घासतात, कंपनं वाढतात आणि संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. शिवाय वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमध्ये निर्वात स्थिती तयार व्हावी लागते आणि वाफेची शुद्धताही मर्यादेत यावी लागते. तोवर गॅस टर्बाइन कमी भारावर थांबवून ठेवावं लागतं. म्हणून ‘किती वेळात सुरू होईल?’ या प्रश्नाआधी ‘बंद होऊन किती वेळ झाला?’ हे विचारायला हवं. रात्रभर बंद असलेला संच तास-दीड तासात पूर्ण भारावर येतो, पण तीन-चार दिवस गार पडलेल्या जुन्या संचाला तीन ते पाच तासही लागतात. नव्या रचनांमध्ये हा वेळ बराच कमी झाला आहे, पण आपल्याकडच्या जुन्या केंद्रांना ते आकडे लावू नयेत.

आता गॅसचा हिशेब. एका युनिटमध्ये 860 किलोकॅलरी ऊर्जा असते. कार्यक्षमता 35 टक्के धरली तर युनिटमागे सुमारे 2,460 किलोकॅलरी उष्णता लागते, 55 टक्क्यांना सुमारे 1,560. घनमीटरला 8,500 किलोकॅलरी धरल्या तर एकीकडे 0.29 घनमीटर गॅस, दुसरीकडे 0.18. बाहेरून आणलेल्या एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) ओपन सायकल तासन् तास चालवणं म्हणजे महाग गॅस चिमणीतून सोडणं. तिचं काम मोजकं: ग्रिडमध्ये अचानक तूट आली की धावून जाणं, आणि दुसरी सोय होताच थांबणं. महाराष्ट्रात त्या कामाला कोयनेचं पाणी अधिक चांगलं, असं माझं ठाम मत आहे. कंबाइंड सायकल मात्र सलग चालवावी आणि संध्याकाळची मागणी भागवायची तर दुपारीच सुरू करावी.

‘बायपास चिमणी (तप्त वायू बॉयलरला वगळून थेट बाहेर सोडणारी) उघडून नुसतं गॅस टर्बाइन चालवा की!’ असंही सुचवलं जातं. जिथे तशी चिमणी आहे तिथे ते जमतं, पण तेवढा वेळ कार्यक्षमता ओपन सायकलचीच मिळते. आणि तप्त वायूंची दिशा बदलणारं डॅम्पर उष्णतेने वाकतं. मग बायपासची वाट बंद असतानाही त्याच्या कडेने वायू निसटतात, बॉयलरला उष्णता कमी पडते आणि वाफेच्या संचाचे मेगावॅट घटतात. गॅसचा खप मात्र तेवढाच राहतो.